तीन नंबरच्या खोलीतला आरसा

काचवाल्या काकू मुळात काचवाल्या नव्हत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा दुकान नवऱ्याचं होतं, कसब नवऱ्याचं होतं आणि काकूंकडे फक्त गिऱ्हाइकांच्या चहाचं खातं होतं. मग एका वर्षी नवऱ्याचे हात थरथरायला लागले. सुरुवातीला कप बशीत किणकिणायचा तेव्हा घरात सगळे हसायचे. पुढे काचेवर हिरा ओढताना रेघ वाकडी जायला लागली तेव्हा कुणी हसलं नाही. काच कापायचा हिरा एकदाच ओढायचा असतो, एका दमात, एकसारख्या जोराने. त्याच रेघेवरून पुन्हा हात फिरवला की काच दगा देते. डॉक्टर म्हणाले, हा आजार जिवावर उठणारा नाही, पण जाणाराही नाही.

“मग आता?” घरी आल्यावर काकूंनी विचारलं.

“आता काय? हात तुझे, डोकं माझं. दोघांत मिळून एक कारागीर होऊ.”

“आणि तोंड?”

“तोंड तुझंच राहू दे. त्या बाबतीत मी कधी स्पर्धेत होतो?”

काकू तेव्हा पस्तिशीच्या होत्या. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी इतकी काच फोडली की नवरा म्हणायचा, तुझ्यामुळे भंगारवाल्याचं घर चाललंय. पण हात बसला. खिडक्यांची तावदानं, टेबलांवरच्या काचा, माशांच्या टाक्या, आरसे, सगळं त्या करू लागल्या. नव्या ठिकाणी गेल्या की लोक त्यांच्या पाठीमागे कुणी पुरुष येतोय का बघायचे. एका ऑफिसात कारकुनाने विचारलंही, “कारागीर कधी येणार?” काकू म्हणाल्या, “आला की सांगते,” आणि त्याची जेवणाची सुट्टी संपायच्या आत खिडकी बसवून निघून गेल्या.

वीस वर्षांत त्यांची नजर अशी तयार झाली की आरशात त्यांना स्वतःचा चेहरा शेवटी दिसायचा. आधी दिसायचा तो पारा, मग कडा, मग मागे भिंत आहे की फळी. कुणाच्या घरी बसायला गेल्या तरी बोटाने आरशाची कड चाचपायच्या. नवरा म्हणायचा, “हिला लग्नाला न्यावं तर ही नवरी सोडून आरसा बघते.”

त्यांचा मुलगा मालाचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असायचा. सून मुख्य रस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानात कामाला होती. दुकान दुमजली, खाली पुरुषांचे कपडे, वर बायकांचे. सून वरच्या मजल्यावर. सासू-सुनेत भांडण असं कधी नव्हतं, पण बोलणंही बेताचं. सून मुळातच अबोल. काकू बोलक्या, पण काचेशिवाय दुसरा विषय त्यांच्याकडे फारसा नव्हता, आणि सुनेला काचेत रस नव्हता.

त्या दुकानातले खालचे आरसे काकूंनीच बसवले होते. वरचा मजला नव्याने सजवला तेव्हा मात्र ते काम मॅनेजरने परस्पर दुसऱ्याकडून करून घेतलं. काकूंच्या मनाला ते लागलं होतं. पण मॅनेजरशी वाकडं घ्यावं असा तो माणूसच नव्हता. चाळिशीचा, गोड बोलणारा. दुकानातल्या सगळ्या मुलींना ताई म्हणायचा, प्रत्येकीच्या वाढदिवसाला केक आणायचा, कुणाची आई आजारी असली तर स्वतःहून लवकर सोडायचा. मुली त्याला भाऊ म्हणायच्या. सून घरी क्वचितच कुणाचं कौतुक करायची, पण भाऊंचं केलेलं काकूंनी दोनदा ऐकलं होतं.

वरच्या मजल्यावर कपडे घालून बघायच्या चार खोल्या होत्या. खोल्या म्हणजे प्लायवुडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे, दार, कडी, एक हुक आणि एक उंच आरसा. तीन नंबरच्या खोलीत एक दिवस कपडे टांगायची लोखंडी घोडी जोरात घुसली आणि आरशाचा खालचा कोपरा तडकला. सुनेने मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, “चिकटपट्टी लावा, मी बघतो.” आठवडा गेला. पुन्हा सांगितलं. “बघतो म्हटलं ना ताई.” दुसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइक बाईच्या लहान मुलीचं बोट त्या कोपऱ्यावर कापलं. बाईने दुकान डोक्यावर घेतलं. त्या दिवशी मॅनेजर गोदामात माल मोजायला गेला होता, म्हणून सुनेने थेट मालकाला फोन लावला.

मालक म्हणाला, “अगं, घरात काचवाली असताना मला काय विचारतेस? बोलाव सासूबाईंना.”

काकू अकराच्या सुमारास पोचल्या. हातात मापाची पट्टी, खांद्याला पिशवी, पिशवीत काच उचलायच्या दोन रबरी चकत्या आणि जुनं घोंगडं. दुकानात गिऱ्हाईक तुरळक होतं. सुनेने तीन नंबरच्या दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी अडकवली आणि दोघी आत गेल्या.

काकूंनी आधी तडा बघितला. मग सवयीने नजर वर नेली. छातीच्या उंचीवर, आरशाच्या डाव्या बाजूला, एक काळा ठिपका होता. शर्टाच्या बटणाएवढा.

“हा डाग कधीपासून आहे?”

“असेल पहिल्यापासून. आरसा जुना झाला की पडतात ना?”

“हा जुना कुठाय? दोन वर्षं झाली बसवून.” काकू जवळ गेल्या. आरशाला डाग पडतो तो कडेने. ओल कडेने शिरते आणि पारा बाहेरून आत खात येते. ह्या आरशाच्या चारही कडा स्वच्छ होत्या आणि कडांपासून दूर हा एकटा ठिपका, गोल, जणू कुणी मोजून मापून ठेवलेला. काकूंनी तड्यावर दोन्ही अंगांनी चिकटपट्टी लावली, म्हणजे काढताना तडा पुढे पळणार नाही. चारी कोपऱ्यांतले स्क्रू सोडवले, चकत्या लावल्या, आणि “धर गं खालून” म्हणत आरसा फळीपासून अलग केला.

फळीला भोक होतं. भोकात काळी डबी बसवली होती, काड्यापेटीच्या निम्म्या आकाराची, आणि तिच्या तोंडाशी मण्यासारखं भिंग. डबीतून निघालेली वायर फळीच्या मागे जात होती. फळीच्या मागे माल ठेवायची खोली.

मग काकूंनी आरसा हळूच घोंगड्यावर टेकवला आणि पिशवीतलं फडकं त्या भोकावर धरलं.

“आई,” सून म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, किंमत सांगावी तसा. “आम्ही रोज सकाळी गणवेश इथेच घालतो. भाऊच म्हणाले होते, तीन नंबर वापरा, ती जरा मोठी आहे.”

बोलून सुधारेल असं त्यात काही नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, “मागच्या खोलीची किल्ली कुणाकडे?”

“त्यांच्याकडेच. एकच आहे.”

“वायर तिकडे गेलीय म्हणजे जे काही साठतंय ते तिकडेच. तुझ्याकडे कुलूप आहे का कुठलं?”

सुनेला एक क्षण लागला. मग ती खाली धावली. दुकानाच्या लोखंडी शटरचं भलंमोठं कुलूप घेऊन वर आली आणि मागच्या खोलीच्या कडीला, मॅनेजरच्या कुलपाशेजारी, तेही ठोकून दिलं. किल्ली स्वतःच्या बुटात टाकली. मग पोलिसांना फोन केला. दुकानाचं नाव, पत्ता, मजला, काय सापडलं, सगळं न अडखळता सांगितलं. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. चार वर्षांत ह्या मुलीच्या तोंडून त्यांनी एका वेळी इतकी वाक्यं ऐकली नव्हती.

पोलिसांच्या आधी मॅनेजर आला. जिना चढून वर आला तो हसतमुखाने, आणि तीन नंबरच्या दारात काकू स्टुलावर बसलेल्या दिसताच त्याचं हसू तिथल्या तिथे थिजलं.

“काकू, तुम्ही? मला सांगायचं ना, मी केलं असतं.”

“केलंयस ते बघितलं,” काकू म्हणाल्या.

त्याने आत डोकावलं. सावरायला त्याला वेळ लागला नाही. “अहो, ते चोरीसाठी लावलंय. बायका आत जाऊन दोन-दोन कपडे अंगावर चढवून निघून जातात. मालकांना माहितीये.”

“मालकांना माहितीये तर आरशाच्या मागे का? समोर लावायचं, पाटी लिहायची.”

“तुम्हाला ह्यातलं कळत नाही, काकू. बाजूला व्हा, मी काढून ठेवतो. उगाच बभ्रा नको.”

“आरसा मी उतरवलाय. मी चढवेपर्यंत इथनं काही हलणार नाही.”

तो मागच्या खोलीकडे वळला. दारावरचं दुसरं कुलूप बघितलं. तिथे सून पाठ टेकून उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना वरच्या मजल्यावरच्या बाकी मुली. त्यांना अजून सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी कळलं होतं.

“ताई, किल्ली द्या.”

“हरवली,” सून म्हणाली.

“नोकरी प्यारी आहे ना?”

सून दाराला पाठ टेकून तशीच उभी राहिली. मॅनेजरने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. जिन्यावर गिऱ्हाइकं जमायला लागली होती. मग तो खाली गेला. काकूंना वाटलं पळाला. पण तो मालकाला घेऊनच परत आला. फोन करून बोलावून, रस्त्यातच त्याने आपली बाजू सांगून ठेवली असणार.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने भोक बघितलं, डबी बघितली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण दुसऱ्याच क्षणी त्याला दुकान दिसलं. “काकू, हा गेला समजा. आत्ता, ह्या क्षणी काढून टाकतो. पण पोलीस नकोत. आपण आपसात मिटवू. दहा-बारा घरं चालतात ह्या दुकानावर. तुमचंही एक.”

“मालक,” काकू म्हणाल्या, “ह्या खोलीत आत्तापर्यंत किती जणी येऊन गेल्या, सांगता येईल?”

“कसं सांगणार?”

“मग आपसात म्हणजे कुणाकुणात? त्या सगळ्यांना बोलवा, मग मिटवू.”

मालक खाली बसला. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले.

आलेल्या फौजदार बाई अंगाने काडी आणि आवाजाने ढोल होत्या. त्यांनी आल्या आल्या दोन प्रश्न विचारले. डबीला कुणी हात लावला का? नाही. मागच्या खोलीत कुणी गेलं का? नाही. “शाबास,” त्या म्हणाल्या, आणि कुलूप कुणी लावलं विचारलं. सुनेने बुटातून किल्ली काढून दिली. मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड, सगळं साठवणारं यंत्र सापडलं. मॅनेजरला खाली नेताना तो मुलींकडे बघत नव्हता.

आरशावरून मात्र जरा पंचाईत झाली. तो पुरावा होता. मागच्या बाजूला पारा पात्याने खरवडल्याच्या गोल खुणा स्पष्ट होत्या. पण काच तडकलेली. दोघा शिपायांनी उचलायला हात घातला तशा काकू ओरडल्या, “ठेवा! आडवा उचलाल तर दारातच तुकडे होतील.” त्यांनी स्वतः आरशाला घोंगडं गुंडाळलं, दोन फळ्यांमध्ये घट्ट बांधला, आणि वर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: उभाच ठेवावा. फौजदार बाईंनी बघून घेतलं आणि शिपायांना म्हणाल्या, “ह्या सांगतील तसं करा.”

संध्याकाळी घरी चुलीवर काही चढलं नाही. मुलाचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. सुनेने फोन कानाला लावला, थोडं ऐकलं, टेबलावर ठेवला आणि आत गेली. फोनमधून आवाज येतच होता. काकूंनी तो उचलला.

“काय विचारलंस तिला?”

“एवढंच, की त्यात तिचंही काही आहे का? कुणी बघितलं का?”

“आधी विचार, जेवलीस का. मग थोडा वेळ गप्प बस. मग विचार, मी कधी येऊ. बाकीचं तुझ्या बापाने सुद्धा विचारलं नाही.”

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक दुसऱ्याच्या हाती देऊन घरी आला. दोघं काय बोलली ते काकूंना माहीत नाही.

आरसा उतरवला त्या संध्याकाळी काकूंचा नवरा आपल्या हातांकडे बघत बसला होता. शेवटी म्हणाला, “वरचं काम त्याने आपल्याला दिलं नाही, तेव्हा आपण रुसलो. का दिलं नाही, हे एकदाही मनात आलं नाही.”

“आपल्याला काय स्वप्न पडणार होतं?”

“नाही. पण माझ्या मनात आलं नाही, एवढं खरं.”

पुढचे महिने सोपे नव्हते. दुकान सहा आठवडे बंद राहिलं. फौजदार बाईंनी मुलींना एकेकीला बोलावून, दार लावून जबाब घेतले. नावं बाहेर जाणार नाहीत आणि चित्रण महिला पोलिसांशिवाय कुणी बघणार नाही, असं सांगितलं. नावं खरंच बाहेर गेली नाहीत, पण दुकान सगळ्यांना माहीत होतं, आणि दुकानात कोण काम करतं हेही. रस्त्यात लोक थांबून काकूंना विचारायचे, “तुमची सून तिथेच ना?” चेहऱ्यावर कळवळा, डोळ्यांत चौकशी. काकू म्हणायच्या, “हो, तिनेच पकडून दिला.” मग पुढचा प्रश्न घशातच राहायचा.

एका मुलीच्या नवऱ्याने तिचं काम सोडवलं. सगळ्यांत लहान होती ती मुलगी एकदा घरी आली, दारातच उभी राहिली आणि सुनेला म्हणाली, “तू गप्प बसली असतीस तर आम्हाला कळलंच नसतं.” ती मुलगी गेल्यावर सुनेने सासूला विचारलं, “ती म्हणते ते चूक आहे का, आई?”

काकूंनी पुष्कळ विचार केला. “चूक आहे,” त्या म्हणाल्या, “पण तिला ते आज पटणार नाही. आणि आपण पटवायला जायचं नाही.” ती मुलगी कोर्टात साक्षीला आली नाही. दुसऱ्या दोघी आल्या.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. काकूंनी साक्षीसाठी ठेवणीतली साडी नेसली. मॅनेजरच्या वकिलाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“शिक्षण?”

“सातवी.”

“काचेच्या कामाचं काही रीतसर प्रशिक्षण?”

“नवऱ्याकडे घेतलं.”

“त्याचं काही प्रमाणपत्र?”

“लग्नाचं आहे.”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी टेबलावर बोट आपटलं, पण त्यांच्या मिशा हलल्या.

वकील तापला. “दमट हवेने आरशांना डाग पडतात, हे खरं की खोटं?”

“खरं.”

“म्हणजे ह्या आरशावरचा डागही आपोआप पडलेला असू शकतो. आणि त्याच्या मागे एखादं भोक आधीपासून असू शकतं.”

“आरसा आणा,” काकू न्यायाधीशांना म्हणाल्या. “म्हणजे, आणायला सांगाल का, साहेब?”

आरसा आला. दीड वर्ष पोलिसांच्या खोलीत उभा होता, खडूची अक्षरं पुसट झाली होती. तडा होता तिथेच होता, बोटभरही पुढे सरकला नव्हता. काकूंनी तो पाठमोरा करायला लावला. “दमटपणा कडेने येतो साहेब, चारीकडून कुरतडत. मध्ये उडी मारून बसत नाही. आणि बसला तरी पातं घेऊन येत नाही. ह्या बघा रेघा. कुणीतरी डाव्या हाताने खरवडलंय, सगळ्या रेघा उलट्या वळल्यात.”

मॅनेजर समोरच बसला होता. न्यायाधीशांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने लिहायचं पेन खाली ठेवलं. ते डाव्या हातात होतं.

शिक्षा तीन वर्षांची झाली. सुनेला ती कमी वाटली. मुलाला पुरेशी वाटली. काकूंना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुपारी त्यांना एका दवाखान्याच्या खिडकीचं माप घ्यायचं होतं आणि उशीर होत होता.

निकालाच्या आधीच, दुकान पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा, मालक काकूंकडे आला होता. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, “वरचे सगळे आरसे तुम्हीच बसवा.”

“बसवते. पण मी सांगेन तशा खोल्या करायच्या.”

“करू की.”

“फळ्या काढायच्या, विटांच्या भिंती घालायच्या. आरसा भिंतीला सपाट चिकटवायचा, मागे बोट शिरेल एवढी सुद्धा पोकळी नको. वरचं फॉल्स सीलिंग काढायचं. आत वीज लागते ती एका दिव्यापुरती, प्लगचा डबा कशाला? आणि मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली. किल्ली मुलींकडे. तुमच्याकडे नाही.”

“माझ्याकडे सुद्धा नाही?”

“तुम्हाला काय करायचीय?”

मालक खजील झाला. सगळं केलं मात्र. सून परत कामावर गेली. घरात कुणी तिला जा म्हणालं नव्हतं, जाऊ नकोसही म्हणालं नव्हतं. वर्षभराने वरचा मजला तिच्याकडे आला. रोज दुकान उघडायच्या आधी ती चारही खोल्या हाताने चाचपते, हुक फिरवून बघते, दिवा मालवून अंधारात कुठे काही लुकलुकतं का पाहते. गिऱ्हाइकाला संशय आला तर त्याला स्वतः तपासता यावं म्हणून दारामागे टॉर्च टांगलेली असते.

बाकीचे लोकही काकूंना बोलवायला लागले. व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, लहानसं हॉटेल. काकूंनी त्याचा वेगळा धंदा केला नाही. काच बसवायला जायचं तिथेच सांगायच्या, “जरा आतलं बघून जाऊ का?” बायका विचारायच्या, आरशाला नख लावून बघितलं की मागून कुणी बघतंय का ते कळतं म्हणे? काकू म्हणायच्या, नखावर विसंबू नका, नख कधी खरं सांगतं, कधी नाही. आरशाला टॉर्च टेकवून आत बघा, टकटक करून पोकळ वाजतो का ऐका, आणि जिथे जी वस्तू असायचं कारण नाही ती तिथे दिसली तर विचारा. लाजू नका. एका व्यायामशाळेच्या मालकाने तोंड वाकडं केलं, “आमच्यावर विश्वास नाही का?” काकू म्हणाल्या, “आहे की. बघून झाल्यावरही राहील.” पोहण्याच्या तलावावर त्यांना भिंतीत एक भोक सापडलं. सगळ्यांची पाचावर धारण बसली. निघालं जुन्या टॉवेलच्या दांडीचं. काकूंनी तरी ते बुजवलं.

एकदा मात्र गंमत झाली, म्हणजे झाली तेव्हा गंमत नव्हती. एका ब्यूटी पार्लरमध्ये त्या आरसा बदलायला गेल्या. पार्लरची मालकीण स्वभावाने चांगली, मुलींना जीव लावणारी. आतल्या खोलीत, जिथे गिऱ्हाइकं अर्धे कपडे उतरवून पलंगावर पडतात, तिथे छताच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. लपवलेला सुद्धा नाही, सरळ उघडा.

“हा कशाला?”

“अहो काकू, बाटल्या जातात. महागातलं क्रीम दर महिन्याला कमी भरतं. तो पलंगाकडे नाहीच, कपाटाकडे आहे.”

“बघतं कोण?”

“मीच. बाहेर काउंटरवर स्क्रीन आहे. कधी मी नसले तर ती मुलगी.”

काकूंनी वाद घातला नाही. “असं करा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही इथे पलंगावर पडा. गिऱ्हाइकासारख्या. मी बाहेर काउंटरवर बसते.”

मालकीण हसली. “काहीतरीच काय!”

“दोन मिनिटं फक्त. कपाटाकडेच आहे ना?”

मालकीण पलंगापाशी गेली. अंगातल्या कामाच्या कोटाचं पहिलं बटण काढलं, दुसऱ्यावर हात ठेवला आणि वर बघितलं. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली, काउंटरवर बसल्याचा आवाज झाला. तिने बटण पुन्हा लावलं. बाहेर येऊन तिने काहीही न बोलता शिडी आणली आणि काकूंच्या हातात पक्कड दिली. पाच मिनिटांत कॅमेरा खाली आला. क्रीमच्या कपाटाला काकूंनी त्याच दिवशी काचेचं दार आणि कुलूप बसवून दिलं.

“मला खरंच सुचलं नव्हतं,” मालकीण कॉफी ओतताना म्हणाली. “मी बाई असून.”

“बाहेरच्या बाजूला बसलं की नाही सुचत,” काकू म्हणाल्या.

तिने मग ओळखीच्या पार्लरवाल्यांना आपणहून फोन केले. त्यांतल्या तिघींनी काकूंना बोलावलं. दोघींनी नाही. न बोलावणाऱ्यांकडे काकू आपणहून गेल्या नाहीत, पण त्यांची नावं फौजदार बाईंच्या कानावर घालायला विसरल्याही नाहीत.

आता काकूंचे गुडघे शिडीला नाही म्हणतात. सुनेची सुट्टी असेल त्या दिवशी ती बरोबर येते. जाताना दोघी बसमध्ये शेजारी बसतात आणि सून दुकानातल्या गमती सांगते. कोणत्या गिऱ्हाइकाने कुठला ड्रेस उलटा घातला, नवी मुलगी कशी घाबरते, मालक अजून वरच्या मजल्यावर यायच्या आधी जिन्यातून खाकरतो कसा. काकू ऐकतात आणि अधूनमधून बसच्या काचेच्या रबराला नावं ठेवतात.

परवा त्या एका दंतवैद्य बाईकडे गेल्या होत्या. तिच्या नव्या दवाखान्यात मदतनीस मुलींना कपडे बदलायला खोली केली होती आणि ती वापरायला देण्याआधी दोघींनी बघून जावी असा निरोप होता. खोली नवी कोरी, रंगाचा वास येत होता. सून शिडी चढली आणि छतावरच्या, धूर झाला की वाजणाऱ्या गजराच्या डबीचं झाकण फिरवायला लागली.

“शिडी धरलीय ना, आई?”

“धरलीय. तू वर बघ.”